खापर पावसावर: जांबोटीपलीकडच्या एका घराचा गेलेला सिग्नल

बेळगावहून चोर्ला घाटाकडं जाताना जांबोटी मागं पडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रान सुरू होतं. कणकुंबी यायच्या आधी आत वळणाऱ्या मातीच्या वाटा लागतात. त्यांतल्याच एका वाटेच्या टोकाला हे घर आहे. मंगळुरी कौलं, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढं अंगण, अंगणात पाण्याचा हौद, मागं गोठा आणि एका अंगाला बांबूचं मोठं बेट. घरात आजी-आजोबा आणि सातवीतला नातू. मुलगा आणि सून नोकरीसाठी गोव्यात म्हापशाला. केबलवाला इकडं येत नाही. मोबाईलची रेंज हौदाच्या कठड्यापाशी उभं राहिलं तर मिळते. म्हणून टीव्हीचा आधार मोठा. आजींना संध्याकाळी सह्याद्री लागते, आजोबांना बातम्या कुठल्याही चालतात.

डिश साठ सेंटीमीटरची, फ्री डिशची. सरकारी सेवा, महिन्याचं भाडं नाही, म्हणून या भागातल्या आडवळणाच्या घरांत हीच जास्त दिसते. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ती सुरू झाली, आता तिचे चॅनल जीसॅट-15 वरून येतात. तो उपग्रह नोव्हेंबर 2015 मध्ये एरियन-5 रॉकेटनं फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोडला गेला. विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशावर, 35,786 किलोमीटर उंचीवर तो उभा आहे. कौलांवर डिश टिकत नाही आणि माकडं ती टिकू देत नाहीत, म्हणून इथं ती अंगणात लोखंडी पाइपवर बसवलेली होती.

डिश बसवणं-दुरुस्त करणं हा माझा धंदा. म्हापशाहून मुलाचा मला फोन आला तेव्हा त्याचं निदान तयार होतं. "पाऊस पडालाय ना, त्यामुळं सिग्नल जालाय. पण आता पाऊस थांबला तरी येईना झालाय बघा." त्याच्या दुसऱ्या वाक्यातच पहिल्या वाक्याचं उत्तर होतं. पावसानं गेलेला सिग्नल पाऊस थांबला की परत येतो. पाऊस उघडल्यावरही जो येत नाही, त्याचं कारण दुसरीकडं शोधायचं असतं. आमच्या धंद्यात जून ते सप्टेंबर प्रत्येक बिघाडाचं खापर पावसावर फुटतं. त्यात फिटरचीही सोय असते, कारण पावसाची हमी कुणी मागत नाही.

पाऊस काय करू शकतो आणि काय नाही, हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डिशवर येणाऱ्या लहरी केयू बँडच्या, साधारण 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झच्या. त्यांची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. पावसाचे थेंब या लहरींचा काही भाग शोषतात, काही इकडंतिकडं फेकतात. थेंब जितके मोठे आणि सर जितकी दाट, तितकं नुकसान जास्त. त्यामुळं आषाढातली दिवसभराची संततधार तितकी त्रास देत नाही. वळवाची, नाहीतर भाद्रपदातली गडगडाटासह बदाबदा कोसळणारी सर खरी आडवी येते. तीही सरली की पाच-दहा मिनिटांत चित्र परततं. या भागात पावसाची मोजणी हजारो मिलिमीटरमध्ये जाते, तरीही डिश नीट बसवलेली असेल तर वर्षातला बहुतेक काळ टीव्ही चालतो. त्याच वाडीतल्या दुसऱ्या घरातला चालूच होता. मुलानं तिथं विचारून घेतलं होतं, म्हणजे उपग्रहाचा आणि प्रक्षेपणाचा प्रश्न नव्हता.

जायच्या आधी फोनवरच बरंचसं काढून घ्यायचं ठरवलं. रानातलं घर, एक फेरी वाया गेली की दिवस जातो. आजींना विचारलं, टीव्ही जातो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

"वारं सुटलं की जातंय वो. आणि सकाळच्याला तर असतच नाही. दुपारी येतंय मधीच, चौकोन चौकोन होतंय, परत जातंय."

ही माहिती मल्टीमीटरनं मिळत नाही. सकाळी पूर्ण बंद, दुपारी अधूनमधून, वाऱ्यात हटकून. मग नातवाला हौदापाशी फोन धरून आजोबांना आतून वाचायला सांग म्हटलं, आणि रिमोटवरून मेनूत शिरून सिग्नलच्या दोन पट्ट्या बघायला लावल्या. वरची स्ट्रेंथ, खालची क्वालिटी. आजोबांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण कुठली पट्टी किती भरलीय हे त्यांनी बरोबर सांगितलं. सकाळी दोन्ही रिकाम्या. दुपारी वरची बरीच भरलेली, खालची कधी शून्य, कधी उडी मारून अर्ध्यावर.

या दोन पट्ट्यांचा अर्थ घराघरांत उलटा लावला जातो. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून सेट-टॉप बॉक्सपर्यंत किती ताकद पोचतेय एवढंच. ती ताकद उपग्रहाच्या सिग्नलची असेल, नुसत्या गोंगाटाची असेल, किंवा शेजारच्या दुसऱ्याच उपग्रहाची असेल. एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडून केबलीत सोडणारा भाग, जिवंत असला की डिश आभाळात कुठंही रोखली तरी ही पट्टी थोडीफार भरते. क्वालिटी म्हणजे त्या ताकदीतून बॉक्सला उलगडता येईल असं किती निघतंय. चित्र क्वालिटीवर चालतं. म्हणून स्ट्रेंथ आहे पण क्वालिटी नाही, असं असेल तर डिश हलली असेल, वाटेत काही आडवं आलं असेल, किंवा एलएनबी फिरला असेल. दोन्ही शून्य असतील तर केबल, जोड, एलएनबी किंवा बॉक्सकडून वर जाणारी वीज तपासायची. पट्टीवरच्या टक्क्यांना मात्र फार अर्थ देऊ नये. एका कंपनीच्या बॉक्सवरचे साठ आणि दुसऱ्याच्या बॉक्सवरचे साठ एकच नसतात.

या घरात सकाळी एक लक्षण होतं, दुपारी दुसरं. एकच बिघाड दिवसाच्या दोन वेळी दोन वेगळी लक्षणं सहसा दाखवत नाही. म्हणून निघतानाच मनाशी धरलं होतं की इथं बिघाड एकापेक्षा जास्त आहेत.

आणखी दोन गोष्टी फोनवर कळल्या. महिन्यापूर्वी एका फिटरनं येऊन एलएनबी बदलला होता. टीव्ही आठवडाभर चांगला चालला आणि परत गेला. नवा एलएनबी आठवड्यात मरत नाही. मग तो आठवडा कशामुळं चालला? एलएनबी बदलताना कनेक्टर काढून परत फिरवून बसवावा लागतो. गंजलेल्या तोंडाला तेवढी घासणी मिळाली की काही दिवस जोड धरतो, आणि मग पुन्हा सोडतो. ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण होती. बदललेला भाग चांगला होता, पण तो बदलताना हललेली वस्तू आजारी होती.

दुसरी गोष्ट अशी की मुलाच्या तक्रारीत एक जुनी तक्रार मिसळली होती. आजींचा एक आवडता मराठी चॅनल एप्रिलपासूनच दिसत नव्हता आणि घरच्यांनी बिघाडाची सुरुवात तिथून धरली होती. त्याचा डिशशी संबंध नव्हता. फ्री डिशवरच्या खाजगी चॅनलांच्या जागा लिलावानं दिल्या जातात, आणि नव्या आर्थिक वर्षात काही चॅनल जातात, काही येतात. एक चॅनल जाणं आणि सिग्नल जाणं यांत फरक आहे. ती तक्रार बाजूला काढल्यावर खरी सुरुवात वळवाच्या एका वादळापासून झाली होती, असं आजोबांच्या सांगण्यावरून दिसलं.

घरी पोचल्यावर बॉक्सपासून सुरुवात केली. घरातला व्होल्टेज संध्याकाळी पडतो अशी घरच्यांची तक्रार होती. पण बॉक्सचा पुरवठा कमी व्होल्टेजवरही चालणारा असतो आणि टीव्ही स्वतः व्यवस्थित चालू होता, म्हणून तिथं वेळ घालवला नाही. सोबत नेलेला चालू बॉक्स लावून बघितला, तोही तसाच रिकामा. म्हणजे बॉक्स सुटला.

मग केबल. बॉक्स ही केबल दोन कामांना वापरतो. खाली सिग्नल येतो आणि त्याच तारेतून वर एलएनबीला वीज जाते, एका ध्रुवीकरणासाठी (म्हणजे लहरींच्या उभ्या-आडव्या दिशांपैकी एकीसाठी) 13 व्होल्ट, दुसऱ्यासाठी 18. डिशपाशी केबलचं मोकळं टोक मल्टीमीटरला लावलं तर 13 च्या जवळ आकडा दिसला. बरेच जण इथंच केबल पास करतात. पण मोकळ्या टोकातून वीज वाहत नसते, आणि गंजलेला जोड वीज वाहायला लागल्यावरच आपला स्वभाव दाखवतो. वीज पुढं सोडणारा एक स्प्लिटर मध्ये घातला, एलएनबी जोडलेला ठेवला आणि परत मोजलं. आकडा नऊच्या खाली घसरला. एलएनबी शंभर-दीडशे मिलिअँपिअर घेतो. एवढ्या प्रवाहाला चार व्होल्ट खायचे तर वाटेत तीस-चाळीस ओहमचा अडथळा पाहिजे. चांगल्या केबलीच्या तीस मीटरमध्ये तेवढा नसतो.

केबल धरून मागं मागं आलो तर तो अडथळा ओसरीच्या टोकाला सापडला. मागं कधीतरी डिश थोडी सरकवताना केबल कमी पडली होती आणि जॉइंटर लावून ती वाढवली होती. जोड नेमका पागोळ्यांच्या खाली आला होता. कौलांवरून उतरणारं सगळं पाणी त्याच्यावर. वर काळ्या टेपचे भरपूर वेढे. बिजली टेपच्या या वेढ्यांवर लोकांचा विश्वास का आहे, मला कळत नाही. उन्हाळ्यात तिचा चिकटा सुटतो, पावसाळ्यात पाणी आत शिरतं आणि मग तीच टेप ते बाहेर जाऊ देत नाही. सोडवून बघितलं तर मधली तांब्याची तार हिरवी पडून सुईसारखी झिजली होती. पाणी आणि एकदिश (डीसी) वीज एकत्र आली की तांबं असंच खाल्लं जातं. सकाळच्या ओलीत जोड पूर्ण तुटायचा, दुपारी थोडं वाळलं की कसाबसा धरायचा. आजींच्या 'सकाळच्याला असतच नाही'चा उलगडा इथं झाला. एलएनबी बदलायला आलेल्यानं केबल ओढून-ताणून डिशपर्यंत आणताना हाच जोड हलला असणार.

नवा जॉइंटर लावून भागलं नसतं. पाणी केबलच्या बाहेरच्या जाळीतून आत आत झिरपतं. जोडाच्या दोन्ही बाजूंनी केबल कापत गेलो तर हातभर अंतरापर्यंत जाळी काळी होती. शिवाय मधल्या तारेला लोहचुंबक लावला तर तो चिकटला, म्हणजे आत पोलाद आणि वरून तांब्याचा मुलामा. सिग्नलला ते चालतं, कारण एवढ्या वरच्या लहरी तारेच्या पृष्ठभागावरूनच जातात. पण एलएनबीची वीज पूर्ण तारेतून जाते आणि पोलाद तिला अडवतं. म्हणून बॉक्सपासून डिशपर्यंत पूर्ण तांब्याची, मध्ये एकही जोड नसलेली नवी केबल टाकायचं ठरवलं. दोन्ही टोकांना दाबून बसवायचे कनेक्टर, बाहेरच्या टोकाला स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, आणि डिशपाशी केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी कनेक्टरकडं न जाता झोळाच्या तळातून गळून जातं. सिलिकॉन भरायचंच असेल तर आंबूस वासाचं भरू नये, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. कनेक्टर काढताना-लावताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. चालू बॉक्सवर तार जाळीला टेकली तर नुकसान बॉक्सचं होतं.

जुन्या पाइपवरच नवी केबल जोडून बघितली. दोन्ही पट्ट्या वर आल्या. चॅनलची यादी मात्र रिकामी, कारण नातवानं सिग्नल नसताना दोन-तीनदा ऑटो ट्यूनिंग करून असलेली यादीही पुसली होती. परत ट्यूनिंग केल्यावर सह्याद्री लागली, कन्नड चंदना लागली. आजोबा म्हणाले, "झालं की मग."

पण वाऱ्याची तक्रार अजून तशीच होती. जोड सकाळ-दुपार समजावून सांगतो, वारा समजावून सांगत नाही. म्हणून चहा घेत पट्टीवर नजर ठेवून बसलो. झुळूक आली की क्वालिटी खाली यायची, चित्र टिकायचं. जरा जोराचा झोत आला की चौकोन पडायचे. अंगणात जाऊन पाइपला नुसता तळहात लावून ढकललं तर आतून नातू ओरडला, "गेलं!"

पाइपला ओळंबा लावला. जमिनीवर दीड मीटर पाइप, आणि वरच्या टोकाला तो चार सेंटीमीटर कललेला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दीड मीटरला चार सेंटीमीटर म्हणजे दीड अंश. साठ सेंटीमीटरच्या डिशची नजर सगळी मिळून तीनच अंश रुंद असते, मध्यापासून दीड अंश सरकलं की मिळणारी ताकद निम्मी होते. वळवाच्या वादळानं पाइप कलला होता. पायाला सिमेंट घमेलंभरच होतं, आणि पावसानं तांबडी माती मऊ झाल्यावर तो वाऱ्याबरोबर डुलायला लागला होता. मे महिन्यात टीव्ही पूर्ण गेला नाही, कारण तेव्हा जोड कोरडा होता आणि निम्म्या ताकदीवरही काम भागत होतं.

डिजिटल टीव्हीची खोड अशी आहे की तो शेवटपर्यंत काही सांगत नाही. जुन्या अँटेनाला सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, आवाज खरखरायचा, माणूस आधीच सावध व्हायचा. इथं ताकद निम्मी झाली तरी चित्र स्वच्छ, पाव झाली तरी बहुधा स्वच्छ, आणि त्याखाली थोडंसं गेलं की एकदम निळा पडदा. कणगीत भात किती उरलंय ते वरून दिसत नाही, तळाला हात लागल्यावर कळतं, तसं. या घरात कणगी तिघांनी मिळून रिकामी केली होती. जोडानं, पाइपनं, आणि तिसरा अजून सांगायचा आहे. पावसाच्या वाट्याला तळच राहिला होता, त्यानं एक हात घातला की संपायचं. म्हणून घरच्यांना पाऊस दोषी दिसला, आणि त्यात त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण टीव्ही जायच्या क्षणी डोळ्यांसमोर पाऊसच होता.

तिसऱ्याकडं येण्याआधी अंगणातला फणस दाखवायला हवा. डिशच्या तोंडासमोरची त्याची चांगली फळती फांदी घरच्यांनी तोडून टाकली होती. कुणीतरी सांगितलं होतं की झाड आडवं येतंय. फांदी आडवी येतच नव्हती. आपल्याकडच्या या डिश ऑफसेट असतात, म्हणजे एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूनं पुढं आलेला असतो. अशा डिशची नजर तिच्या पत्र्याच्या रोखापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. बघणाऱ्याला डिश समोरच्या टेकडीकडं तोंड करून उभी वाटते, प्रत्यक्षात ती डोक्यावरच्या आभाळात बघत असते. खानापूर तालुक्यातल्या या भागातून 93.5 अंशांवरचा उपग्रह उत्तरेपासून 128 अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे साडेएकसष्ट अंश उंचीवर आहे. मान चांगली वर करावी लागते. फणसाची फांदी या रेषेच्या कितीतरी खाली होती.

त्या रेषेवर बांबू होता. बेट पाइपपासून चार-पाच मीटरवर. उंची मोजायला नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला नट बांधला, आणि सरळ कडेवरून बेटाच्या शेंड्याकडं बघितलं. फोनमधलं ॲपही हे काम करतं, पण दिशा बघायला फोनचा होकायंत्र वापरायचा असेल तर लोखंडी पाइपपासून चार पावलं लांब उभं राहावं, नाहीतर सुई पाइपकडंच बघते. साडेएकसष्ट अंशांवर बरोबर यंदाचे नवे बांबू. मृगाच्या पावसावर कोंब फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. त्यात नव्या बांबूचा शेंडा पाण्याच्या भारानं वाकतो, वारा आला की झुलत अंगणावर येतो. या लहरींना ओली पानं फार अडवतात. गेल्या वर्षी डिश बसवताना ही वाट मोकळीच असणार, आणि उन्हाळ्यात सुद्धा.

मुलाचं फोनवर म्हणणं होतं की बांबू तोडून टाकू. आजींनी तिथंच नाही म्हटलं. बेट सासऱ्यांच्या वेळचं, बुरूड दर साली येऊन बांबू नेतो, गोठ्याला आणि मांडवाला तोच लागतो. माझंही मत तेच पडलं, जरा वेगळ्या कारणानं. यंदा तोडलेल्या जागी पुढच्या मृगात परत कोंब येतात, म्हणजे दरवर्षी हाच खेळ. बांबू जागेवर ठेवून डिश हलवणं सोपं.

हलवायची किती, याचा हिशेब साधा आहे. साडेएकसष्ट अंशांच्या चढाला एक मीटर मागं गेलं की रेषा जवळजवळ एक मीटर ऐंशी सेंटीमीटर वर जाते. बेटाचा शेंडा डिशच्या पातळीपासून बारा मीटरच्या आसपास होता, म्हणजे किमान साडेसहा मीटर अंतर हवं. शेंडे पुढं झुकतात आणि बेट दरवर्षी कडेनं पसरतं, हे धरून दहा मीटरची जागा बघितली. ती हौदाच्या पलीकडं मिळाली. वरून विजेची तार जात नव्हती, आणि खाली मुरूम लागला. केबल आठेक मीटर वाढली. एलएनबी मुळात सिग्नल इतका वाढवून देतो की एवढ्या केबलीनं काही बिघडत नाही.

पायासाठी दोन फूट खड्डा, पाइपच्या बुडाला आडवी सळई वेल्डिंग करून, म्हणजे पाइप जागेवर फिरत नाही, आणि मग काँक्रीट. दोन्ही बाजूंनी ओळंबा लावून पाइप उभा केला आणि तिरकस टेकू दिले. काँक्रीट मुरायच्या आधी डिश चढवायची नाही, असं बजावून ठेवलं. तोपर्यंतच्या दिवसांसाठी जुना पाइप पाचर ठोकून सरळ केला आणि झुकलेले दोन बांबू दोरीनं मागं ओढून बांधले. सणाचे दिवस होते, श्रावणात घरात टीव्ही नसणं आजींना परवडणारं नव्हतं.

नव्या पाइपवर डिश लावणं हे काम घाईचं नाही. बॉक्स पट्टी दाखवायला दोन-तीन सेकंद उशीर करतो, म्हणून बोटभर हलवायचं, थांबायचं, परत बोटभर. पट्टी सगळ्यात वर गेलेली जागा डोळ्यांनी पकडायच्या नादाला लागू नये, तिथं ती सपाट असते. डावीकडं क्वालिटी जिथं पडायला लागते तिथं खूण, उजवीकडं पडते तिथं खूण, आणि दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये डिश. मग तसंच वर-खाली. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडाथोडा फिरवून. आणि नट आवळताना पट्टीवर लक्ष ठेवावंच लागतं, कारण शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात डिश सरकते.

मोठी डिश लावू का, असं मुलानं विचारलं होतं. नव्वद सेंटीमीटरची डिश साठपेक्षा सव्वादोन पट ताकद गोळा करते, साडेतीन डेसिबल, आणि घाटमाथ्याच्या पावसात ती शिल्लक उपयोगी पडते. पण तिचा पत्राही सव्वादोन पट, वाराही तितकाच जास्त धरते, आणि नजर अरुंद, दोन अंशांची. त्या जुन्या डुलत्या पाइपवर नव्वदची डिश साठपेक्षा वाईट चालली असती. नवा पाया तिला पेलेल. पण आधी साठवर एक पाऊस काढा, जोराच्या सरीत पाच-दहा मिनिटं गेला तर तेवढ्यासाठी पैसे घालायचे का ते मग ठरवा, असं सांगितलं. विजा चमकायला लागल्या की केबल बॉक्समधून काढून ठेवायची हेही सांगितलं, आणि पाइपला जमिनीत वेगळी अर्थिंगची तार दिली.

सप्टेंबर संपत आला, हस्त लागला, आणि मुलाचा परत फोन. सिग्नल गेला, आणि यावेळी कडक ऊन होतं. किती वाजता गेला विचारल्यावर म्हणाला, अकराच्या सुमारास, काही मिनिटं, आणि आपोआप आला. काल पण तसंच झालं होतं. याला दुरुस्ती नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरच्या अखेरीस, या भागातून बघताना सूर्य काही दिवस रोज थोडा वेळ बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. सूर्याचा स्वतःचा गोंगाट एवढा मोठा असतो की उपग्रहाचा आवाज त्यात बुडतो. मार्चमध्ये ही वेळ सव्वाअकराच्या आसपास असते, सप्टेंबरात अकराच्या जरा आधी.

या मिनिटांचा एक फायदा मात्र आहे, आणि तो मी नातवाला करून घ्यायला लावला. त्या वेळी सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असल्यामुळं, ज्याची सावली डिशवर पडते तेच सिग्नलच्या वाटेत आहे. कोनमापक नको, होकायंत्र नको. दुसऱ्या दिवशी टीव्ही गेल्याबरोबर तो अंगणात जाऊन बघून आला. डिश पूर्ण उन्हात होती. बेटाची सावली हौदाच्या अलीकडंच संपत होती, जुन्या पाइपचा खड्डा मात्र तिच्यात पूर्ण बुडाला होता. सावलीच्या टोकाला त्यानं एक चिरा ठेवला आहे. मार्चमध्ये परत बघेल, आणि पुढच्या हस्तात सावली चिऱ्याच्या किती पुढं आली त्यावरून कुठले बांबू बुरडाला आधी द्यायचे ते आजी ठरवतील.